धाव आणि वंश: पुण्यातील शर्यतीच्या घोड्याची दोन आयुष्ये

शर्यतीसाठी पैदा केलेल्या थरोब्रेड घोड्याची पारख आयुष्यात दोनदा होते. पहिल्यांदा रेसकोर्सवर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत. दुसऱ्यांदा स्टड फार्मवर, आणि ही परीक्षा पुढे पंधरा-वीस वर्षेही चालते. पहिलीचा निकाल दीड-दोन मिनिटांत लागतो. दुसरीच्या पहिल्या निकालालाच तीन-चार वर्षे लागतात, कारण घोडी अकरा महिने गाभण राहते आणि तिचे शिंगरू शर्यतीला उभे राहीपर्यंत आणखी दोन-तीन वर्षे जातात. या दोन्ही परीक्षा एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर होतात अशी शहरे देशात मोजकीच आहेत, आणि पुणे त्यांतले एक. कॅम्पात एम्प्रेस गार्डनशेजारी रेसकोर्स, पूर्वेला हडपसर-मांजरीच्या पट्ट्यात जुने स्टड फार्म, पश्चिमेला मावळात तळेगावजवळ नाणोलीचा फार्म. देशातल्या प्रत्येक थरोब्रेडची जन्मनोंद ठेवणारी स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाही पुण्याच्या रेसकोर्सवरच आहे. घोडा कुठेही जन्मो आणि कुठेही धावो, त्याची कुळकथा पुण्याच्या दप्तरात असते.

थरोब्रेड ही जात इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत घडली. पूर्वेकडून आणलेल्या तीन घोड्यांना तिचे मूळपुरुष मानतात: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. स्थानिक घोड्यांशी त्यांचा संकर झाला आणि 1791 मध्ये जनरल स्टड बुकची पहिली आवृत्ती निघाली. तेव्हापासून नियम एकच आहे. आई आणि बाप दोघेही पुस्तकात असतील तरच शिंगराचे नाव पुस्तकात चढते. आजच्या थरोब्रेड नरांची पितृपरंपरा मागे नेली तर बहुतेक सगळी डार्ली अरेबियनपाशी पोहोचते. कृत्रिम रेतनाला जगभर मनाई आहे. घोडीला प्रत्यक्ष घोड्याकडे न्यावे लागते, आणि हा एक नियम पैदाशीच्या साऱ्या अर्थकारणाला आकार देतो. उत्तम वळूचे रेत गोठवून हजारो किलोमीटर पाठवता येते. उत्तम स्टॅलियनच्या, म्हणजे पैदाशीच्या नर घोड्याच्या, बाबतीत ते चालत नाही. तो ज्या फार्मवर उभा आहे तिथल्या आणि तिथवर आणल्या गेलेल्या घोड्यांपुरताच त्याचा वंश वाढतो.

पुणे परिसराला घोडा नवा नव्हता. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टे मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा कणा होती. आखूड, काटक, मूठभर चंदीवर दिवसभर मजल मारणारी ही जात आता देशी घोड्यांच्या अधिकृत यादीत आली आहे. पण भीमथडी तट्टू घडले ते दूर पल्ल्यासाठी, आणि थरोब्रेड घडला तो थोड्या अंतरात सारे बळ ओतण्यासाठी. पुण्यात थरोब्रेड आला तो ब्रिटिश छावणीबरोबर. पेशवाई बुडाल्यावर बारा वर्षांनी, 1830 मध्ये, कॅम्पात रेसकोर्स आखला गेला. ती जमीन लष्कराची होती आणि आजही आहे. सुमारे 118 एकरांच्या या मैदानाला शहराच्या मधोमध टिकाव धरता आला, त्यात या मालकीचा वाटा मोठा आहे.

पुण्याचा मोसम पावसाळ्यात का, याचे उत्तर हवामानात आणि राज्यकारभारात आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर मैदान चिखलात असते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या पुण्यात मात्र मुंबईच्या साधारण एक तृतीयांश पाऊस पडतो आणि गवत धावण्याजोगे राहते. मुंबई इलाख्याचा गव्हर्नरही पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवी. गणेशखिंडीतले गव्हर्नमेंट हाऊस 1871 मध्ये पुरे झाले. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली होतीच, त्यामुळे मुंबईचे शौकीन आणि घोडे दोन्ही सहज वर येऊ लागले. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन सुरुवातीला शनिवार-रविवारची गाडी होती, आणि रेसला येणारे मुंबईकर तिचे ठळक प्रवासी होते. आजही क्रम तोच आहे. नोव्हेंबर ते एप्रिलच्या आसपास मुंबईचे महालक्ष्मी मैदान, जुलै ते ऑक्टोबरच्या आसपास पुणे. ट्रेनर, जॉकी, सईस, नालबंद आणि शेकडो घोडे वर्षातून दोनदा घाट चढतात-उतरतात, फक्त आता आगगाडीऐवजी घोड्यांसाठी बांधलेल्या ट्रकमधून.

दोन्ही मैदानांचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहे. क्लब आजच्या रूपात 1925 मध्ये उभा राहिला आणि 1935 मध्ये त्याच्या नावाआधी ‘रॉयल’ लागले. शर्यतींना परवाना देणारा मुंबईचा कायदा 1912 चा आहे. त्या काळात मैदानावर तीन तऱ्हेचे घोडे दिसत: आखातातून येणारे अरब, ऑस्ट्रेलियातून जहाजाने येणारे वेलर आणि विलायतेतून आणलेले थरोब्रेड. अरब घोड्यांच्या शर्यती वेगळ्या असत आणि त्यांचा चाहतावर्गही मोठा होता. येरवड्याजवळ 1892 मध्ये राजवाडा बांधणारे तिसरे आगाखान मुंबई-पुण्याच्या मैदानांवरच या नादाला लागले. पुढे इंग्लंडात त्यांच्या बहरामने 1935 मध्ये एकही शर्यत न हरता तिहेरी मुकुट, म्हणजे गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती, मिळवला. देशात जन्मलेल्या घोड्यांना, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ‘कंट्री-ब्रेड’ना, या सगळ्यांत शेवटचे स्थान होते. आयात घोड्यापुढे त्यांना वजनाची सवलत दिली जाई, आणि ती घेऊनही ते हरत.

हे चित्र दुसऱ्या महायुद्धाने बदलले. जहाजे बंद झाली, बाहेरचा घोडा येईना. ज्यांना शर्यती चालू ठेवायच्या होत्या त्यांना देशातच पैदास करणे भाग पडले. 1943 मध्ये महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरची बंधने आली, आणि देशातल्या मैदानांवर देशात जन्मलेला घोडाच धावणार हे पक्के झाले. पुण्याच्या आसपासचे बरेच स्टड फार्म याच काळातले. हडपसरचा पूनावाला स्टड सोली पूनावाला यांनी 1946 मध्ये सुरू केला. पुण्याची निवड सहज पटण्याजोगी होती. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंची, कोरडी हवा, चुनखडीयुक्त जमीन, कालव्याचे पाणी, बारमाही लसूणघास, आणि मुंबईचा बाजार एका रात्रीच्या अंतरावर.

घोड्याच्या दोन आयुष्यांमधले नाते समजून घ्यायला मराठी वाचकाला सर्वांत जवळची उदाहरणे याच प्रतापसिंहरावांच्या पागेत सापडतात. गायकवाड घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या दावडीचे. प्रतापसिंहरावांनी 1945 मध्ये इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू 28,000 गिनींना विकत घेतले. एवढी किंमत त्या वयाच्या शिंगराला त्याआधी कधी मिळाली नव्हती. बाप नियार्को, आई रोझी लेजंड, आणि सख्खा थोरला भाऊ दान्ते त्याच वर्षी इंग्लिश डर्बी जिंकलेला. महाराजांनी आपल्या आजोबांच्या नावावरून शिंगराचे नाव ठेवले सयाजीराव. सॅम आर्मस्ट्राँग त्याचे ट्रेनर, आणि खोगिरावर तोच एडगर ब्रिट.

1947 साली, भारत स्वतंत्र होत असतानाच्या त्या उन्हाळ्यात, सयाजीराव न्यूमार्केटच्या टू थाउजंड गिनीज आणि एप्सम डर्बी या दोन्ही शर्यतींत तिसरा आला. वेग थोडा कमी पडत होता, दम मात्र अमाप होता. आयरिश डर्बी त्याने जिंकली, आणि सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरला पावणेदोन मैलांची सेंट लेजर डोक्याच्या फरकाने जिंकली. पुढच्या वर्षी रॉयल अॅस्कटला हार्डविक स्टेक्स जिंकून तो स्टडवर गेला. तिथे त्याने वारसा दिला तो नेमका स्वतःच्या गुणाचा. त्याची मुलगी ग्लॅडनेस 1958 मध्ये अडीच मैलांचा अॅस्कट गोल्ड कप जिंकली. लिंक्रिसने 1960 चे आयरिश ओक्स जिंकले. मुलगा इंडियाना 1964 ची सेंट लेजर जिंकला, म्हणजे बापाची शर्यत सतरा वर्षांनी मुलाने परत आणली. सयाजीराव 1966 मध्ये गेला. लांब पल्ल्याचे घोडे देणारा स्टॅलियन म्हणून त्याचे नाव राहिले, पण तोवर पैदास करणाऱ्यांची पसंती वेगाकडे झुकली होती, आणि दमाच्या वंशाला बाजारात मागणी उतरत गेली.

प्रतापसिंहरावांचा दुसरा घोडा माय बाबू. बाप फ्रान्सचा जेबेल, आई परफ्यूम. महाराजांनी विकत घेतल्यावर त्याचे आधीचे नाव बदलले. 1947 मध्ये तो दोन वर्षांच्या घोड्यांत अव्वल ठरला, आणि 1948 मध्ये चार्ली स्मर्कने त्याच्यावर बसून टू थाउजंड गिनीज जिंकली. एका मैलाच्या पुढे मात्र त्याची धाव पुरी पडत नव्हती आणि डर्बीत तो चौथा आला. स्टडवर त्याचा मुलगा अवर बाबू 1955 मध्ये बापाचीच गिनीज जिंकला. नंतर माय बाबूला अमेरिकेत नेले. तिथे त्याला केरला नावाची मुलगी झाली. तिने शर्यतीत नाव काढले नाही, पण तिच्या पोटी 1964 मध्ये डमास्कस जन्मला, जो 1967 मध्ये प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकून अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ घोडा ठरला. माय बाबूचे खरे मोठेपण असे एका अप्रसिद्ध मुलीच्या पोटातून बाहेर आले.

केरलाची गोष्ट या विषयाच्या मर्मावर बोट ठेवते. शर्यतीच्या इतिहासात जागा मिळते ती बापाला. त्याला वर्षाला कित्येक डझन शिंगरे होतात, त्याचे आकडे मोठे असतात, त्याची फी जाहीर होते. घोडीला वर्षाला एकच शिंगरू, आयुष्यात आठ-दहा, क्वचित पंधरा. निम्मा वंश मात्र तिचाच असतो. शिवाय शिंगरू अकरा महिने तिच्या पोटात आणि पाच-सहा महिने तिच्या पायाशी वाढते. ती किती दूध देते, चरताना भित्री असते की धीट, हेही त्याला मिळते. जुने पैदासकार म्हणूनच घोड्याच्या आईची आई विचारतात. शर्यतीत सामान्य राहिलेली पण चांगल्या कुळातली घोडी जपून ठेवणारे फार्मच पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले दिसतात.

पुण्याच्या फार्मवरचे वर्ष माद्यांच्या ऋतूवर चालते. घोडी दिवस वाढू लागला की माजावर येते. दर एकवीस दिवसांनी माज येतो आणि पाच-सहा दिवस टिकतो. भारतात सर्व थरोब्रेडचा वाढदिवस कागदोपत्री 1 जानेवारीला धरतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या शिंगराला मे महिन्यातल्या शिंगरापेक्षा चार महिन्यांचा फायदा मिळतो. दोन वर्षांच्या वयात हा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून फेब्रुवारीतच घोड्या लावून घ्यायची धडपड असते, आणि त्यासाठी डिसेंबरपासून तबेल्यात रात्री उशिरापर्यंत दिवे ठेवून घोडीला दिवस मोठा झाल्याचे भासवतात. व्याल्यानंतर नऊ-दहा दिवसांतच घोडी पुन्हा माजावर येते. वर्षाला एक शिंगरू हवे असेल तर अकरा महिन्यांच्या गाभणकाळात चुकायला जागा फारशी उरत नाही.

घोडी बहुधा रात्री विते. ज्या फार्मवर तीस-चाळीस घोड्या व्यायच्या असतात तिथे जानेवारी ते एप्रिल रात्रपाळीची माणसे झोपत नाहीत. शिंगरू तासाभरात उभे राहिले आणि दोन-तीन तासांत आचळाला लागले तर सगळे ठीक. पहिला चीक पोटात गेला नाही तर त्याला रोगप्रतिकारशक्तीच मिळत नाही, कारण घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे पोटातल्या पिलापर्यंत पोहोचत नाहीत. जन्मानंतर रंग, कपाळावरचा तिलक, पायांचे पांढरे मोजे, अंगावरचे भोवरे यांची नोंद होते, मायक्रोचिप बसते आणि डीएनएवरून आईबाप पडताळले जातात. मराठीत पंचकल्याणी, अबलख, कुमैत असे शब्द ज्या बारकाईसाठी होते तीच बारकाई आता पासपोर्टच्या आकृतीत असते. जून-जुलैत आईपासून तोडल्यावर शिंगरे एकत्र सोडतात. कोण पुढे पळतो, कोण कळपाच्या मधे राहतो, हे सईस तेव्हापासून पाहत असतो, आणि त्याचे मत नंतर बऱ्याचदा खरे ठरते.

दीड वर्षाच्या सुमारास तोंडात लगाम, मग पाठीवर खोगीर, मग हलका रायडिंग बॉय. दोन वर्षांचा घोडा ट्रेनरच्या तबेल्यात येतो. पुण्याच्या रेसकोर्सवर पहाटे साडेपाचच्या अंधारात ट्रॅकवर्क सुरू होते. स्टॉपवॉच हातात धरून कठड्याशी उभी असलेली माणसे शेवटचे सहाशे-आठशे मीटर मोजतात. मॉक रेसमध्ये घोड्याला गेटातून सुटायला शिकवतात. चंदीत ओट, जव, कोंडा, हरभरा, गाजर, लसूणघास आणि आजारी पडल्यावर शिजवलेला पातळ मॅश. सरावाला लोखंडी नाल आणि शर्यतीच्या दिवशी हलकी अॅल्युमिनियमची. नालबंदाचे काम घोड्याच्या नशिबाचा मोठा भाग ठरवते.

पाचशे किलोंच्या आसपासचा हा प्राणी ताशी साठ किलोमीटरने धावतो तेव्हा त्याच्या शरीरात काय घडते ते विलक्षण आहे. विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस असलेले हृदयाचे ठोके दोनशेवीसच्या वर जातात. प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडल्या जातात, आणि रक्त घट्ट होऊन जास्त प्राणवायू वाहून नेते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. भरधाव असताना प्रत्येक झेपेला एक श्वास, असा ताल आपोआप बसतो. या साऱ्याचा भार येतो तो पुढच्या पायाच्या नळीच्या बारीक हाडावर आणि मागून जाणाऱ्या कंडरांवर. हृदय आणि फुप्फुसे हाडांपेक्षा लवकर तयार होतात, आणि तरुण घोड्यांच्या बऱ्याच दुखापतींचे मूळ या विसंगतीत असते. घोडा सशक्त दिसतो म्हणून लवकर पळवला जातो. जो ट्रेनर मोसमातल्या दोन शर्यती सोडायला तयार असतो त्याच्या घोड्यांची कारकीर्द लांबते.

घोड्यांचे वर्ग त्यांच्या रेटिंगप्रमाणे ठरतात. पहिल्या ते पाचव्या वर्गापर्यंतच्या हँडिकॅप शर्यतींत चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून सर्वांना समान पातळीवर आणायचा प्रयत्न असतो. बहुतेक घोड्यांचे आयुष्य याच वर्गांच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यात जाते. पैदाशीच्या दृष्टीने महत्त्वाच्या शर्यती वेगळ्या, जिथे वजन रेटिंगप्रमाणे बदलत नाही. इंग्लंडमध्ये क्लासिक शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असतात. भारतात त्या हिवाळ्यात येतात म्हणून डिसेंबरमध्ये सोळाशे मीटरच्या गिनीज घोडा तीन वर्षांचा असताना धावतो, आणि जानेवारी उलटल्यावर चोवीसशे मीटरचे ओक्स आणि डर्बी चार वर्षांचा म्हणून. मधला जेमतेम दीड-दोन महिन्यांचा काळ फार कठीण असतो. या मालिकेची शेवटची कडी, अठ्ठावीसशे मीटरची इंडियन सेंट लेजर, परंपरेने सप्टेंबरमध्ये पुण्यात होते, ओल्या जड मैदानावर. भारतातला तिहेरी मुकुट असा महालक्ष्मीवर सुरू होऊन पुण्यात पुरा होतो. 2009-10 च्या मोसमात जॅकलिन या घोडीने दोन्ही गिनीज, ओक्स आणि डर्बी अशा चार शर्यती घेऊन दाखवल्या. घोडी घोड्यांना इतक्या सातत्याने हरवते तेव्हा ती फार्मवर परतण्याची वाट सगळे पैदासकार पाहतात.

पुण्यात घोडा दिसतो तसा जॉकीही दिसतो. एकेकाळी वरच्या शर्यती गोऱ्या जॉकींच्या हाती असत. स्वातंत्र्याच्या आगेमागे पांडू खाडे यांच्यासारखे मराठी जॉकी त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. पुढच्या पिढीत 2004 मध्ये निवृत्त झालेल्या पेसी श्रॉफ यांनी सतराशेहून अधिक शर्यती जिंकल्या आणि नंतर ते ट्रेनर झाले. सईसांची, रायडिंग बॉइजची नावे मात्र कुठल्याही पुस्तकात नाहीत. एक सईस साधारणपणे दोन-तीन घोडे सांभाळतो आणि त्यांच्यालगतच झोपतो. घोड्याने चंदी कमी खाल्ली हे डॉक्टरांच्या आधी त्याला कळते. या माणसांच्या हाताखालून गेलेल्या घोड्यांची यादी करता आली तर ती देशाच्या रेसिंगचा दुसरा इतिहास ठरेल.

मैदानावरचा मोठा घोडा स्टडवर मोठा ठरतोच असे नाही, आणि भारतात हा प्रश्न आणखी अवघड आहे. स्क्वांडरर हा एकोणीस शर्यतींपैकी अठरा जिंकलेला, 1977 ची इंडियन डर्बी घेतलेला घोडा. त्याच्या तोडीचे अपत्य त्याला झाले नाही. याला एक कारण जीवशास्त्राचे आहे. एडिंबरा विद्यापीठातील दोन संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घोड्यांच्या आयुष्यभराच्या कमाईतल्या फरकांपैकी साधारण एक दशांशच वारशाने समजावता आला. बाकी संगोपन, प्रशिक्षण, जॉकी आणि योग. 2010 मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी मायोस्टॅटिन या स्नायूंच्या जनुकाचे प्रकार आणि घोड्याचा सोयीचा पल्ला यांचे नाते दाखवले. आता रक्ताच्या थेंबावरून घोडा बाराशेचा की चोवीसशेचा याचा अंदाज करता येतो. तो जिंकेल का, हे मात्र सांगता येत नाही.

दुसरे कारण माणसांचे आहे, आणि तेच जास्त टाळता येण्याजोगे आहे. भारतातले मोठे फार्म पिढ्यानुपिढ्या बाहेरून आणलेल्या स्टॅलियनवर उभे आहेत. युरोपातल्या नामांकित बापाचा मुलगा, जो स्वतः तिथल्या पहिल्या फळीत जरा कमी पडला किंवा ज्याची मुले तिथे अपेक्षेप्रमाणे चालली नाहीत, तो इथे येतो आणि त्याला सर्वोत्तम घोड्या मिळतात. देशी विजेता उरलेल्या घोड्यांवर अजमावला जातो, पहिली शिंगरे सामान्य निघतात आणि तीन वर्षांत त्याचे नाव विसरले जाते. आयातीने जातीचा वेग वाढला यात शंका नाही. पण देशी घोड्याला चांगल्या माद्यांची एकही संधी न देता तो नापास झाला म्हणणे ही परीक्षाच नव्हे. ऑस्ट्रेलियाने आणि जपानने सुरुवात आयातीनेच केली, आणि मग आपल्या मैदानांवर जिंकलेल्या घोड्यांना पुरेशा माद्या देऊन स्वतःचे वंश उभे केले. पुण्याच्या फार्मांकडे जमीन, अनुभव आणि माद्यांची कुळे आहेत. हा प्रयोग इथे व्हायला हवा.

पुण्याच्या घोड्यांचे एक ऋण देशाच्या आरोग्यावर आहे, आणि ते ऋण फार्मवरच्या निवृत्त घोड्यांचे आहे. धनुर्वाताची लस घोड्याला वाढत्या मात्रेत टोचली की त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात. ते रक्त काढून शुद्ध केलेला सीरम माणसाचा जीव वाचवतो. पूनावाला फार्मवरचे म्हातारे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. हेच सीरम पुण्यात का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये हडपसरला फार्मच्याच जमिनीवर सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. धनुर्वाताचे सीरम हे तिचे सुरुवातीचे उत्पादन. जगातल्या सर्वांत मोठ्या लसनिर्मात्याचा पाया असा शर्यतीतून उतरलेल्या घोड्यांवर रचला गेला.

घोडेही रोगांना सुरक्षित नसतात. 1960 मध्ये आफ्रिकन हॉर्स सिकनेसची साथ देशात आली आणि हजारो घोडे मेले. 2006 मध्ये ग्लँडर्स, म्हणजे घोड्यातून माणसालाही होऊ शकणारा जुना रोग, पाचगणी आणि पुण्याच्या बाजूला पुन्हा आढळला. 2008 मध्ये जम्मूकडे सुरू झालेला घोड्यांचा फ्लू महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. तेव्हापासून एका शहरातून दुसऱ्या शहरात घोडा नेताना चाचण्या आणि विलगीकरण कडक झाले. रेसकोर्सच्या घोड्यांना प्रशिक्षित डॉक्टर, रोज तपासणी आणि लस मिळते. टांग्याच्या, वरातीच्या, थंड हवेच्या ठिकाणच्या घोड्यांना यांतले फारसे काही मिळत नाही. रोग मात्र दोघांमध्ये भेद करत नाही.

शर्यतींवर सर्वांत मोठा ताण आज करांचा आहे. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले. तरीही कराच्या दृष्टीने त्या जुगाराच्या रांगेत राहिल्या. वस्तू व सेवा कराचा दर पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के होता, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. मैदानावरच्या कायदेशीर पैजेवरून पैसा बेकायदा बुकींकडे वळला की बक्षिसांची रक्कम आटते, मालक घोडे कमी घेतात, आणि चार वर्षे आधी घोडी लावणाऱ्या पैदासकाराचा हिशेब कोलमडतो. धोरणाचा परिणाम मैदानावर दिसायला एक मोसम पुरतो. फार्मवर तो दिसतो तेव्हा मात्र उपाय करायला उशीर झालेला असतो. मुंबईत महालक्ष्मीचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला, आणि 2024 मधील व्यवस्थेप्रमाणे सुमारे 120 एकर जागा उद्यानासाठी गेली, 91 एकर क्लबकडे राहिली. हडपसर-मांजरीत फार्मच्या कुंपणांना उंच इमारती भिडल्या आहेत. जिथे शिंगरांना मोकळे पळायला वीस-तीस एकरांची कुरणे लागतात, तिथे गुंठ्याचा भाव पाहता पैदास ही निव्वळ आवडीची गोष्ट होत चालली आहे.

दुसरे आयुष्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. नरांपैकी बरेच खच्ची केलेले असतात, आणि उरलेल्यांपैकी एखादाच स्टॅलियन होतो. चांगल्या कुळातल्या माद्यांना फार्मवर जागा मिळते. बाकीच्यांसाठी रायडिंग स्कूल, पोलो, लष्कराचे आणि पोलिसांचे तबेले. वाईट नशिबाचे माथेरान-महाबळेश्वरच्या पर्यटकांपुढे किंवा लग्नाच्या वरातीत उभे राहतात. थरोब्रेड साधारण पंचवीस वर्षे जगतो आणि पळतो त्यांतली चार-पाच. उरलेल्या वीस वर्षांचा खर्च कोणी करायचा, याची व्यवस्था नोंदणीच्या वेळीच व्हायला हवी. जन्माला प्रत्येक घोड्याचे नाव, रंग, भोवरे आणि आईबाप पुण्याच्या दप्तरात काटेकोर उतरतात. शर्यतीतून उतरल्यावर तो कुठे गेला, याचीही नोंद तितक्याच काटेकोरपणे त्याच दप्तरात ठेवता येईल. मायक्रोचिप आधीच त्याच्या मानेत आहे.